तक्रारीच्या फॉर्मवर आयपी जर्मनीचा, भाषा मात्र सिडकोतली. हे टॉर नक्की करतं काय?

नंदिनीकाठ

नमस्कार मंडळी. मी नेटवर्किंगमधला नाही, अकाउंट्सचं काम करतो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आम्ही नाशिकच्या सिडकोतले चार-पाच जण मिळून एक छोटी साइट चालवतो. खड्डे, पाणी, घंटागाडी आली नाही, रस्त्यावरचे दिवे बंद, असल्या तक्रारी लोक फॉर्ममध्ये टाकतात आणि आम्ही त्या पुढे महापालिकेत किंवा ज्याचं त्याचं खातं असेल तिथे पाठवतो.

मागच्या आठवड्यात एक तक्रार आली. नासर्डीत, म्हणजे आता नंदिनी म्हणायचं, तिच्यात एका कारखान्यातून रात्री पाणी सोडतात अशी. "मागच्या गेटच्या बाजूनी पाईप हाये, सेकंड शिफ्ट सुटली की चालू करतात, सकाळी पुलाखाली फेस बघा" असं लिहिलंय. म्हणजे लिहिणारा बाहेरचा नाही हे कोणीही सांगेल. पाऊण तासाने त्याच माणसाने, म्हणजे मागच्या तक्रारीचा उल्लेख करून, एक फोटो पाठवला. आता गंमत अशी की आमचा फॉर्म आयपी, म्हणजे पाठवणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता, पण नोंदवतो आणि पहिल्या तक्रारीचा आयपी जर्मनीचा निघाला, फोटोवाल्याचा नेदरलँड्सचा. आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात हे परदेशातून कोणीतरी पैसे घेऊन कारखान्याला बदनाम करतंय, डिलीट करा. होस्टिंगच्या सपोर्टवाल्या पोराने बघून सांगितलं की हे टॉर आहे, ब्लॉक करून टाका, एक बटन आहे.

व्हीपीएन मला माहितीये, ऑफिसचा वापरतो, पण त्यात रोज एकच जागा दिसते. इथे पाऊण तासात देश बदलला. तर हे होतं कसं, आमच्या सर्व्हरला खरा आयपी कुठेतरी मिळत असणार ना, की खरंच मिळत नाही? आणि ब्लॉक करावं का?

कॉलेजरोड_कट्टा

लासलगाव इतकं जवळ आणि आपण ऑनियन राउटिंग फोरमवर विचारतोय 😄

पॅकेटमामा

कांद्याचा जोक झाला (ऑनियन राउटिंग म्हणजे कांद्यासारखे थर चढवून पाठवणं, टॉर तेच करतो), आता कामाचं बोलू.

नंदिनीकाठ, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या सर्व्हरला कुठला ना कुठला पत्ता लागतोच, कारण फॉर्म भरल्यावर "धन्यवाद, तक्रार मिळाली" हे पान परत पाठवायचं तर कुणाकडे पाठवायचं हे कळायला हवं. त्यामुळे आयपी पुसून टाकणं असलं काही इंटरनेटवर नसतं, दुसऱ्या कोणाचा तरी आयपी पुढे करणं एवढंच शक्य असतं. सगळा खेळ मग असा की पुढे उभा असलेला तो दुसरा कोण, आणि त्याला मागच्याबद्दल किती माहिती आहे.

व्हीपीएनमध्ये तो दुसरा एकच असतो. तुम्ही कोण हेही त्याला माहिती आणि कुठल्या साइटवर गेलात हेही माहिती. साइटपासून लपलात, पण त्या कंपनीपुढे उघडेच. त्यात आपल्याकडे सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, एप्रिल २०२२ मध्ये निर्देश काढले की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी असलं सगळं ५ वर्षं ठेवायचं, त्यावरून एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. म्हणजे तिथे सगळा भरवसा एका दुकानदारावर.

टॉरमध्ये ही माहिती मुद्दाम तीन जणांत तोडलेली असते. जगभरात स्वयंसेवकांनी चालवलेली काही हजार मशीन आहेत, त्यांना रिले म्हणतात, त्यांची यादी उघड असते आणि दर तासाला नवी निघते. तक्रारवाल्याच्या फोनमधल्या टॉर ब्राउझरने ती यादी घेतली, त्यातले तीन स्वतः निवडले. मग पहिल्याशी बोलून एक किल्ली ठरवली. पहिल्याच्या मार्फत दुसऱ्याशी बोलून दुसरी किल्ली ठरवली, ती पहिल्याला दिसत नाही. आणि त्या दोघांच्या मार्फत तिसऱ्याशी तिसरी. आता फॉर्ममधला मजकूर पाठवायचा तर ब्राउझर तो आधी तिसऱ्याच्या किल्लीने बंद करतो, त्यावर दुसऱ्याच्या, त्यावर पहिल्याच्या. पहिला आपलं कुलूप काढतो, आत त्याला फक्त "हे पुढच्या अमुक मशीनला दे" एवढंच समजतं. दुसरा तेच करतो. तिसऱ्याने शेवटचं काढलं की त्याला तुमच्या साइटचं नाव दिसतं आणि तो साध्या माणसासारखा तुमच्या सर्व्हरचं दार वाजवतो. तुमच्या लॉगमध्ये जर्मनी आलं ते या तिसऱ्याचं, त्याला एक्झिट म्हणतात.

आता हिशोब लावा कोणाला काय माहिती. पहिल्याला माणूस माहिती, साइट नाही. तिसऱ्याला साइट माहिती, माणूस नाही. मधल्याला दोन्ही नाही, त्याला फक्त अलीकडचा आणि पलीकडचा रिले दिसतो. परत येताना उलट, प्रत्येक जण आपला थर चढवत जातो आणि ब्राउझर तिन्ही उतरवतो. पाठवतानाही मजकूर ठराविक मापाच्या तुकड्यांत जातो, मूळ रचनेत ५१२ बाइटचा एकेक, म्हणजे तुकड्याच्या आकारावरून आत काय हे ओळखायला नको.

देश का बदलला, तर साधारण १० मिनिटं वापरून झालेली साखळी टॉर नवीन कामाला घेत नाही, दुसरी लावतो. मध्ये पाऊण तास गेला, साखळी नवी, एक्झिट नेदरलँड्सचा. माणूस होता तिथेच असणार.

नंदिनीकाठ

पॅकेटमामा, जबरदस्त समजावलंत, धन्यवाद. पण मग पहिल्याला माणूस माहिती आहे म्हणताय ना, तर त्यालाच विचारलं तर? पोलिसांनी वगैरे. आणि तिन्ही मशीन एकाच माणसाची असली तर?

पॅकेटमामा

पहिला कोण हे आधी कळलं पाहिजे ना. तुमच्याकडे फक्त तिसरा आहे. तिसऱ्याला दुसरा माहिती, दुसऱ्याला पहिला. तीन देशांत तीन लोकांना विचारत जायचं, आणि त्यांच्याकडे नोंद असेल तर उपयोग, रिले चालवणारे सहसा ती ठेवत नाहीत, आणि किल्ल्या तर साखळी मोडली की फेकून दिल्या जातात, नंतर कोणी मशीन उचलून नेलं तरी जुना मजकूर उघडत नाही.

तिन्ही एकाच्या असण्याची भीती रास्त आहे. म्हणून टॉर एकाच मालकाच्या म्हणून जाहीर केलेल्या किंवा आयपीच्या एकाच पट्ट्यातल्या दोन मशीन एका साखळीत घेत नाही. आणि पहिला रिले, त्याला गार्ड म्हणतात, तो दर वेळी बदलत नाही, काही महिने तोच ठेवतो. उलटं वाटतं ऐकायला, पण दर १० मिनिटांनी पहिलाही बदलत राहिला तर कधी ना कधी वाईट माणसाचा पहिला आणि त्याच वाईट माणसाचा तिसरा एका साखळीत पडणारच. एकच धरून ठेवला आणि तो चांगला निघाला तर तेवढे महिने सुटलात.

टॉर करत नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, ती सांगतो. दोन्ही टोकांवर बसून बघणारा कोणी असेल, इकडे माणसाच्या लाइनवर आणि तिकडे साइटच्या लाइनवर, तर इकडून इतक्या वाजता एवढा डेटा निघाला आणि तिकडे लगेच तेवढाच पोचला असं जुळवून तो पकडू शकतो. कुलूप उघडायची गरजच नाही. टॉरवाले हे स्वतः पहिल्यापासून लिहून आहेत. पण त्यासाठी दोन्हीकडे हात पोचायला लागतो, सिडकोतल्या कारखान्याच्या मॅनेजरचा पोचत नाही.

जुना_कॅफेवाला

माफ करा पण इथे सगळे टॉरची आरतीच ओवाळताय. मी पंचवटीत बरीच वर्षं सायबर कॅफे चालवला आहे. २०११ च्या नियमाने गिऱ्हाइकाचं ओळखपत्र घ्या, रजिस्टर लिहा, वर्षभर जपून ठेवा, सगळं केलं. कारण कोणी काही उद्योग केला की पोलीस आमच्या दारात यायचे. आणि इथे माणूस घरी बसून तोंड लपवून कोणावरही आरोप करतो. ज्याच्यात दम आहे त्याने नाव लिहावं. हे टॉर म्हणजे डार्कवेबवाले, हत्यारं आणि नशेचा माल विकणारे. २००७ मध्ये एका स्वीडिश माणसाने पाच एक्झिट लावून वकिलातींच्या ईमेलचे पासवर्ड उचलले होते आणि नेटवर टाकले होते, त्यात भारताच्या वकिलाती पण होत्या, बघा शोधून. आणि अमेरिकेत हार्वर्डच्या पोराने टॉर वापरून बॉम्बची धमकी दिली, दोन दिवसात सापडला. म्हणजे धड सुरक्षित पण नाही.

खान्देशी_भो

काका नाव लिहून बघा ना एकदा. मी अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, काँट्रॅक्टवर. नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालत नाही. दम बीम सगळा पगारापर्यंत असतो भो.

सर्व्हरवाली

काका, तुमचे दोन्ही किस्से खरे आहेत पण दोन्हींचा अर्थ वेगळा निघतो, आणि नंदिनीकाठ यांच्या कामाचा तो अर्थच आहे.

२००७ चं प्रकरण असं की वकिलातीतले लोक टॉरमधून साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीने मेल उघडत होते. टॉर तुमचा पत्ता लपवतो, मजकुराचं एक्झिटपर्यंतच बघतो. एक्झिट ते साइट हा शेवटचा टप्पा साइटच्या भरवशावर. साइट एचटीटीपीएस असेल, म्हणजे ब्राउझर ते साइट मजकूर कुलूपबंद जात असेल, तर एक्झिटला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं काही नाही. नुसती एचटीटीपी असेल तर एक्झिटवाला आरामात वाचतो. दादा तुमची साइट कशी आहे? कारण अजूनही अशा छोट्या साइट पत्त्याच्या पट्टीत "नॉट सिक्युअर" दाखवत चालू असतात आणि त्यावर लोकांकडून नाव-नंबर भरून घेतात. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बहुतेक ठिकाणी दोन क्लिकचं काम आहे.

हार्वर्डचं २०१३ च्या डिसेंबरचं. त्या पोराच्या बाबतीत टॉर कोणी फोडलाच नाही. त्याने मेल पाठवला कॉलेजच्या वायफायवरून. मेल टॉरमधून आला एवढं दिसलं, मग कॉलेजने आपल्याच नेटवर्कच्या नोंदीत बघितलं की त्या सुमारास टॉरला कोण कोण जोडलेलं होतं. यादी छोटी निघाली, गाठून विचारलं, त्याने कबूल केलं. म्हणजे साइटपासून पत्ता लपतो पण तुमच्या स्वतःच्या नेटवर्कला "हा टॉर वापरतोय" हे दिसतं. आता हेच आपल्या तक्रारवाल्याला लावून बघा. त्याने कारखान्याच्या वायफायवरून पाठवलं असेल तर तिथल्या आयटीवाल्याला काय दिसेल? तक्रार दिसणार नाही, पण अमुक फोन अमुक वाजता टॉरवर होता हे दिसू शकतं. आणि तुम्ही साइटवर तक्रारीची वेळ मिनिटासकट छापली असेल तर जुळवणी तुम्हीच करून दिली. वेळ काढा. तारीख पण एक-दोन दिवस ढिली ठेवा.

आता लॉगबद्दल. खरंच टॉर होता का याची खात्री करायची असेल तर टॉर प्रोजेक्टचंच एक्झोनरेटर नावाचं पान आहे, आयपी आणि तारीख टाका, त्या दिवशी तो टॉरचा रिले होता की नाही ते सांगतं. होस्टिंगवाल्याच्या पोराने सांगितलं म्हणून धरून चालू नका. खरा आयपी हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी ज्या माहितीच्या ओळी येतात त्यांत, कुठे सापडतो का, तर नाही. काही प्रॉक्सी "मी अमक्याच्या वतीने आलोय" अशी ओळ आपणहून जोडतात, म्हणून ती सवय लोकांना असते, टॉर असलं काही जोडत नाही, त्याच्या एक्झिटला ते माहितीच नसतं तर जोडणार काय. साइटचं नाव आयपीमध्ये बदलायचं काम पण एक्झिटच करतो, त्यामुळे तिकडूनही गळत नाही. ब्राउझरने सांगितलेली वेळ बघाल तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपली साडेपाच तास पुढची नाही. खिडकीचा आकार ठराविक पटीत. सगळे टॉरवाले एकसारखे दिसावेत म्हणून मुद्दाम तसं केलंय, कारण आयपी लपवून उपयोग काय, जर तुमचा स्क्रीन, फॉन्ट, टाइमझोन यावरूनच तुम्ही ओळखू येणार असाल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो फोटो. साइटवर टाकलाय का? टाकला असेल तर आत्ता काढा, मग बाकीचं वाचा. फोनने काढलेल्या मूळ फोटोच्या आत एक्झिफ नावाची माहिती असते, फोनचं मॉडेल, काढल्याची वेळ, आणि कॅमेऱ्याला लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. टॉर ती काढत नाही, त्याच्या दृष्टीने ती फक्त एक फाइल आहे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ती गळून पडते म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे पडते, फॉर्मवर अपलोड केला की जशीच्या तशी येऊ शकते. तीन देश फिरून आलेला माणूस फोटोमुळे गेटजवळ उभा दिसायचा.

नंदिनीकाठ

ताई फोटो साइटवर नव्हता, आमच्याकडे मंजुरीशिवाय काही छापत नाही. पण तुमचं वाचून लगेच लॅपटॉपवर उतरवून प्रॉपर्टीज उघडल्या. लोकेशन नाहीये नशीब. पण फोनचं मॉडेल आहे आणि वेळ आहे, रात्री ११:४० ची. एवढ्या वेळी त्या गेटच्या आसपास त्या मॉडेलचा फोन असणारे किती जण असतील हो. आता स्क्रीनशॉट काढून तोच जपलाय, मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये वेगळी ठेवलीय.

एक्झोनरेटरवर दोन्ही आयपी टाकून बघितले, दोन्ही त्या तारखेला रिले होते. साइट एचटीटीपीच होती, आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी करून दिलेली. आज सर्टिफिकेट लावून घेतलं.

आणि मी स्वतः टॉर ब्राउझर टाकून बघितला, म्हटलं लोक काय सांगतात ते डोळ्याने बघू. आमचीच साइट उघडली, पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या बाजूला एक चिन्ह आहे त्यावर क्लिक केलं की अख्खी साखळी दिसते. वर हा ब्राउझर, मग फिनलंड आणि त्याच्यापुढे गार्ड लिहिलेलं, मग फ्रान्स, मग रोमानिया, मग आमची साइट. दुसऱ्या खिडकीत लॉग उघडा ठेवला होता, त्यात रोमानियाचा आयपी. त्याच चौकटीत नवीन सर्किटचं बटन आहे ते दाबलं, फ्रान्स-रोमानियाच्या जागी दुसरे दोन आले, लॉगमध्ये पण नवा पत्ता आला, पण फिनलंड जागचं हललं नाही. पॅकेटमामा म्हणाले होते तस्संच. ग्रुपमधल्या त्या काकांना बोलावून दाखवलं, ते म्हणाले बरं मग परदेशातून नसेल कदाचित. एवढं त्यांच्या तोंडून येणं म्हणजे फार झालं.

कॉलेजरोड_कट्टा

मला एक प्रश्न. नुसतं इनकॉग्निटो केलं तर असं होत नाही का? आमच्या हॉस्टेलवर सगळे तेच करतात.

पॅकेटमामा

नाही रे बाळा. इनकॉग्निटो म्हणजे तुझ्याच लॅपटॉपवर हिस्टरी राहत नाही, बास. साइटला तुझा आयपी दिसतो, हॉस्टेलच्या वायफायवाल्याला साइटचं नाव दिसतं. ती काळी खिडकी उघडते तेव्हा तिथे लिहिलेलंच असतं, कोणी वाचत नाही.

खान्देशी_भो

पण मोबाइल डेटावर तर माझा आयपी मुंबईचा दाखवतो, मी बसलोय अंबडमध्ये. मग तो पण लपलेलाच ना?

सर्व्हरवाली

भाऊ तो लपलेला नाही, सामायिक आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपीचे, पत्ते जगात संपत आल्यामुळे मोबाइल कंपन्या खूप ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. आणि तो पत्ता कंपनीच्या ज्या गेटवेवर असेल तिथलं गाव दिसतं. साइटला तुम्ही कोण ते कळत नाही, पण तुमच्या कंपनीला कळतं. आयपी, पोर्ट नंबर आणि नेमकी वेळ दिली की ती सांगू शकते की हा अमुक सिम. साइटच्या नजरेत अंधुक, कंपनीच्या नजरेत लख्ख. टॉरमध्ये सिमवाल्या कंपनीला तुम्ही टॉरच्या गार्डला जोडलात एवढंच दिसतं, पुढचं नाही. काही देशांत तर तेही अडवतात, म्हणून ब्रिज असतात, म्हणजे उघड यादीत नसलेले पहिले रिले.

उलट बाजूने पण लक्षात घ्या. सीजीनॅटमुळे तुमच्या लॉगमधला साधा "मुंबई, महाराष्ट्र" आयपी पण एका माणसाचा नसतो. तेव्हा आयपी बघून खरा-खोटा ठरवणं हे टॉर नसतानाही चुकीचंच.

जुना_कॅफेवाला

ठीक आहे, फोटोचं मला माहिती नव्हतं. पण एक सांगा, हे एवढं चांगलं आहे तर अमेरिकन नौदलाने कशाला बनवलं? त्यांचंच आहे ना ते? त्यांना सगळं दिसत असणार.

पॅकेटमामा

प्रश्न बरोबर आहे काका, सगळ्यांना हाच पडतो. मूळ कल्पना नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली, ९० च्या दशकातली, पॉल सिव्हरसन आणि त्यांचे दोन सहकारी, रीड आणि गोल्डश्लाग. त्याच्याही आधी १९८१ मध्ये डेव्हिड चाउम यांनी मेल मध्यस्थांच्या साखळीतून, थराथराने बंद करून पाठवायची पद्धत मांडली होती. आजचा टॉर २००२ मध्ये सुरू झाला, रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी सिव्हरसनबरोबर केला, कोड सगळ्यांना खुला. २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही वेगळी ना-नफा संस्था ते बघते. अमेरिकन सरकारचा पैसा त्यात येत राहिला, ते लपवलेलं नाही.

पण नौदलाने खुलं का केलं यातच गोम आहे. फक्त नौदलाची माणसं वापरणारं नेटवर्क असेल तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, मग लपवलं काय. पत्रकार, बँकवाले, साधी माणसं, चोर, सगळे एकाच दारातून बाहेर पडले तरच कोण कुठला हे कळत नाही. म्हणून तुमच्या त्या डार्कवेबवाल्यांना पण त्यातून वेगळं काढता येत नाही, हे मला पण आवडत नाही, पण काढता आलं असतं तर तक्रारवालाही तसाच काढता आला असता. २०१३ मध्ये स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांत एनएसएची, म्हणजे अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या संस्थेची, एक स्लाइड होती, तिच्यात कबूल केलंय की सगळ्या टॉरवाल्यांना कायम ओळखणं आम्हाला कधीच जमणार नाही, थोड्याफार लोकांना हाताने खटपट करून जमतं. त्यांना अजिबात जमत नाही असंही नाही. बहुतेक वेळा ब्राउझरमधल्या भोकातून किंवा माणसाच्या चुकीतून जमतं. कोणी टॉरमध्ये बसून आपल्याच फेसबुकला लॉगिन केलं, टॉरेंट लावलं, तर झालं. टॉरेंटचं सॉफ्टवेअर तर खरा आयपी आपणहून मजकुरात लिहून पाठवतं.

नंदिनीकाठ

आता शेवटचा प्रश्न. ब्लॉक करायचं नाही हे आमचं ठरलं. पण सपोर्टवाला म्हणतो स्पॅम येईल. आणि ते डॉट ऑनियनवालं, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणारा साइटचा पत्ता, पण करावं का आम्ही, एकाने सुचवलं की तेच बेस्ट.

सर्व्हरवाली

स्पॅम येईल, खोटं बोलत नाही. एक्झिट थोडे आणि वापरणारे खूप, त्यामुळे एकाच आयपीवरून चांगला-वाईट सगळा माल येतो आणि म्हणूनच पुष्कळ साइट टॉरला सरसकट बंद करतात किंवा "तुम्ही माणूस आहात का" विचारत बसतात. तुम्ही मंजुरीशिवाय छापत नाही ना, मग बिघडलं कुठे. मोठ्या कंपनीचा चित्रं निवडायचा कॅप्चा लावू नका, तो टॉरवाल्याला दहा वेळा ट्रॅफिक सिग्नल निवडायला लावतो आणि शेवटी नाहीच सोडत. साधा मराठी प्रश्न ठेवा, "नाशिकमधून वाहणारी मोठी नदी कोणती" असला. स्पॅमवाला बॉट तिथे गळतो, सिडकोतला माणूस गळत नाही. फॉर्म जावास्क्रिप्टशिवाय चालला पाहिजे, कारण सुरक्षेची पातळी वर ठेवणाऱ्यांच्या टॉरमध्ये ते बंद असतं. फोटो मोठे मागू नका, तीन ठिकाणी फिरून येतात, वेळ लागतो.

डॉट ऑनियन करू नका असं माझं मत. त्यात एक्झिट लागतच नाही, माणूस आणि साइट दोघंही आपापल्या साखळीने मध्ये एका रिलेवर भेटतात, साइटचाही आयपी लपतो. पण पत्ता ५६ अक्षरांचा येतो, तो तुम्ही चौकातल्या फळ्यावर लिहिणार आहात का. मोठ्या वर्तमानपत्रांकडे निनावी माहिती घ्यायची सिक्युअरड्रॉप नावाची व्यवस्था असते ती यावर चालते, पण त्यांच्याकडे ते सांभाळायला माणसं असतात. तुम्हाला एचटीटीपीएस, मंजुरी आणि फोटो साफ करणं एवढं नीट जमलं तरी खूप आहे.

एक गोष्ट मात्र बघाच. फॉर्म भरला की तुमच्या कमिटीला मेल जातो का? बहुतेक फॉर्म प्लगइन त्या मेलच्या तळाशी पाठवणाऱ्याचा आयपी आणि ब्राउझर आपणहून चिकटवतात. मग तो मेल पाच जणांकडे, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. टॉरवाल्याचं काही जात नाही, पण साध्या घरच्या वायफायवरून तक्रार करणाऱ्या बाईचं जातं.

नंदिनीकाठ

आत्ता बघितलं. येतो मेलमध्ये. आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट पण पडलेत, नंबर असलेले. उडवतो आज बसून.

फोटो आणि तक्रार आम्ही आमच्या संस्थेच्या नावाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देणार आहोत, फोटो कोणी पाठवला हा प्रश्न आला तर खरंच सांगता येईल की आम्हाला माहिती नाही. मंडळाने येऊन पाण्याचा नमुना घ्यावा एवढंच मागतोय, आरोप वगैरे नाही.

लॉगमध्ये आयपी लिहिणंच बंद करून टाकू का पूर्ण?

पॅकेटमामा

घाई करू नका. सर्ट-इनच्या त्याच २०२२ च्या निर्देशात लॉग १८० दिवस ठेवायचे असंही आहे, आणि ते तुमच्यासारख्या हौशी साइटला लागू होतं का, होस्टिंगवाल्यापुरतंच आहे का, हे वकिलाला विचारा, माझ्यासारख्या केबलवाल्याला नको. तोपर्यंत फॉर्मच्या नोंदीतून आणि मेलमधून आयपी काढा, सर्व्हरच्या लॉगचा पासवर्ड एकाकडेच ठेवा, आणि तो एक म्हणजे भाचा नको. होस्टिंगवाल्याचा स्वतःचा लॉग वेगळा असतो, तो तुमच्या पॅनेलमधून बंद होत नाही. किती दिवस ठेवतात ते त्यांना मेल करून विचारून घ्या, फोनवर नको, लेखी उत्तर मागा.